बिऱ्हाड हलवण्याचे अंदाजपत्रक

(गेल्या उत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या मांडवात झालेले भाषण. बऱ्याच सभासदांनी लेखी मागितल्यामुळे येथे देत आहोत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव ‘मार्गदर्शन’ या मथळ्याखाली छापले आहे. त्याला माझी थोडी हरकत आहे. माझ्याकडे मार्गदर्शन नाही, एक वही आहे. ह्यांची नोकरी केंद्र सरकारची, बदलीची. १९८४ पासून २००९ पर्यंत आमची आठ बिऱ्हाडे झाली. नागपूर, भोपाळ, जबलपूर, विशाखापट्टणम, दिल्लीत दोन, पुन्हा भोपाळ आणि शेवटी आपले हे हैदराबाद. म्हणजे सात वेळा सामान हलले. प्रत्येक वेळचा खर्च मी वहीत लिहून ठेवला. ह्यांना त्या वहीचा कंटाळा, मुलांना तिची भीती, पण आपल्या मंडळातल्या कोणाचीही बदली निघाली की आधी फोन येतो तो वहीलाच. “काकू, जरा वही बघून सांगता का?”

दरवर्षी वर्गणीची यादी करताना आपल्या लक्षात येतेच की दहा-बारा नावे गळालेली असतात आणि दहा-बारा नवी आलेली असतात. काचीगुडा, सुलतान बाजारकडची जुनी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, त्यांनी मी बोलते तोवर प्रसादाकडे लक्ष दिले तरी चालेल. पण रामचंद्रापुरमच्या कारखान्यातले, ईसीआयएलमधले, प्रयोगशाळांतले, बँकांतले आणि आता गच्चीबोवली-माधापूरच्या संगणक कंपन्यांतले आपले तरुण सहकारी, या सगळ्यांना आज ना उद्या सामान बांधायचेच आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, त्याला ट्रक करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो. आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण घर हलवायचे म्हटले की आपण फक्त ट्रकचा विचार करतो.

तीन ठिकाणी फोन करायचे, तीन भाव घ्यायचे, एकाला दुसऱ्याचा भाव सांगून दोन-तीन हजार कमी करून घ्यायचे आणि ‘झाले अंदाजपत्रक’ म्हणून हुश्श करायचे. ट्रकवाल्याचे बिल येते, म्हणून तो खर्च डोळ्यांना दिसतो. बाकीचे खर्च बिल न देता येतात, आणि तेच महिनाअखेरीला घर हलवून सोडतात.

एक उदाहरण घेऊ या. आकडे माझे मनचे आहेत, पण फार लांबचे नाहीत. समजा एक जोडपे, दोन मुले, दोन बेडरूमचे घर, इथून पुण्याला निघाले आहे. रस्ता साधारण साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटरचा. बांधणी, चढ-उतार, ट्रक सगळे मिळून भाव ठरला ४५,००० रुपये. बांधणीसकट सगळी सेवा एकाकडून घेतली की बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे भाव ठरवताना कोणी बोलत नाही. झाले ५३,१००. सामानाचा विमा ६,०००. पुण्यात घर दाखवणाऱ्या दलालाला एक महिन्याचे भाडे, ३०,०००. भाडेकरार नोंदवायचा खर्च ३,०००, कारण महाराष्ट्रात घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, इथल्यासारखा अकरा महिन्यांचा स्टॅम्प पेपर करून भागत नाही. दोन एसी काढणे, बसवणे आणि त्यांत गॅस भरणे, ६,०००. चौघांचा प्रवास आणि दोन दिवसांचे बाहेरचे जेवण, ८,०००. शाळेची प्रवेश फी, जी कधीही परत मिळत नाही, ४०,०००. पडदे, पडद्यांचे दांडे, बादल्या, पायपुसणी, नळाचे तुकडे आणि “अगं, इथे प्लगच वेगळा आहे” या सदरातले १५,०००. इकडचे घर महिनाअखेरीला सोडायचे आणि तिकडचे पंधरा तारखेला घेतलेले, म्हणून अर्ध्या महिन्याचे दुहेरी भाडे, ११,०००.

बेरीज करणारे करत असतील, मी सांगते. १,७२,१०० रुपये. शिवाय इकडचा घरमालक रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे, २२,०००, अनामतीतून कापून घेणार आहे. ते आपल्या खिशातून उघड जात नाही, म्हणून आपण धरतच नाही. धरले तर १,९४,१००.

हा झाला पहिला रकाना. माझ्या वहीत त्याचे नाव आहे ‘गेले’.

दुसऱ्या रकान्याचे नाव ‘अडकले’. पुण्याच्या घराची अनामत तीन महिन्यांची, ९०,०००. शाळेची परत मिळणारी अनामत १०,०००. गॅसचे दोन सिलिंडर आणि रेग्युलेटर यांची अनामत. जून २०२२ मध्ये नव्या जोडणीची अनामत सिलिंडरला २,२०० आणि रेग्युलेटरला २५० झाली, त्या हिशेबाने ४,६५०. हे पैसे आपलेच आहेत, बुडालेले नाहीत, पण आपल्या हातात नाहीत. एकूण १,०४,६५०. त्याशिवाय पुण्याच्या घराचे पहिल्या महिन्याचे भाडे ३०,००० आगाऊ द्यायचे. ते तसे घरखर्चातले, पण पगाराआधी द्यावे लागते.

आता सामान निघते त्या आठवड्यात या जोडप्याच्या हाताशी किती रक्कम हवी? १,७२,१०० अधिक १,०४,६५० अधिक ३०,०००. म्हणजे ३,०६,७५०. ट्रकवाल्याने सांगितलेले ४५,००० हा त्याचा जेमतेम सातवा हिस्सा. आपण घासाघीस करून तीन हजार वाचवले तर एकूण रकमेच्या शेकडा एक वाचले. मी घासाघीस करू नका म्हणत नाही. मी स्वतः भाजी घेतानाही करते. पण तेवढीच करून थांबू नका.

तिसरा रकाना ‘येणे’. इकडच्या घरमालकाकडून रंगकाम कापून उरलेली अनामत, कचेरीकडून मिळणारा बदलीभत्ता, गाडीच्या कराचा परतावा. या रकान्याचा स्वभाव असा की तो सगळ्यांत उशिरा भरतो. म्हणून माझा नियम साधा होता. ‘येणे’मधला एक रुपयाही सामान हलवायच्या खर्चाला धरायचा नाही. आला की आला. तो धरून चालणारी मंडळी पुण्याला पोचल्यावर क्रेडिट कार्डावर कपाटे घेतात आणि मग दिवाळीपर्यंत व्याज भरत बसतात. हे मी दोन-तीन घरांत जवळून पाहिले आहे. एका घरात तर त्यावरून नवरा-बायको तीन आठवडे बोलत नव्हते. नवीन गाव, ओळखीचे कोणी नाही, आणि घरात अबोला!

सरकारी नोकरीतल्यांचे थोडे बरे असते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये जे आदेश निघाले त्यांप्रमाणे वीस किलोमीटरच्या पलीकडे बदली झाली की मूळ वेतनाच्या ८० टक्के एवढे एकत्रित बदली अनुदान मिळते, आणि सामानाचे भाडे तुमच्या वेतनस्तराप्रमाणे वेगळे. उचलही घेता येते, ती संकोच न करता घ्यावी. पण मुदत पाळा. बदलीच्या प्रवासभत्त्याचा दावा ६० दिवसांत करावा लागतो. निवृत्तीनंतर गावी जाणाऱ्यांसाठी ही मुदत २०२१ मध्ये १८० दिवसांची केली. आमच्या ह्यांच्या कचेरीत एक गृहस्थ पावत्या घडी घालून पंचांगात ठेवायचे. वर्ष बदलले की पंचांग रद्दीत आणि पावत्याही.

खासगी कंपनीतल्या मुलांनी नेमणुकीचे पत्र नीट वाचावे. स्थलांतराचा खर्च देतात हे खरे, पण वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागेल, असे कलम बऱ्याच पत्रांत असते. म्हणजे ते पैसे वर्षभर तुमचे नव्हेतच. बदलीसाठी सामान हलवायला म्हणून दिलेली रक्कम प्रत्यक्ष खर्च झाला तेवढी करमुक्त असते, त्यासाठी पावत्या लागतात. हमालांच्या नाष्ट्याची पावती कोणी देत नाही, पण ट्रकची आणि प्रवासाची तरी जपा.

आता सामानाकडे वळते. इथे खरी भांडणे होतात.

घरसामानाचे भाडे वजनापेक्षा जागेवर ठरते, हे एकदा ध्यानात घेतले की निर्णय सोपे होतात. चौदा फुटी ट्रक घ्या, ज्याला बाजारात चौदा फुटी आयशर म्हणतात. आत साधारण चौदा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे पाचशे घनफूट जागा. आपले ४५,००० पाचशेने भागा. एका घनफुटाला ९० रुपये पडले. आता घरात टेप घेऊन फिरा. तीन माणसांचा सोफा सात फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. ६३ घनफूट. त्याला पुण्याला न्यायचे भाडे ५,६७० रुपये. तो सोफा आज विकायला काढला तर कोणी तेवढे देईल का? नाही ना? मग तो इथेच राहू द्या. भांड्यांचे खोके दोन बाय दीड बाय दीड, साडेचार घनफूट, ४०५ रुपये. त्यातली स्टीलची आणि पितळेची भांडी विकत घ्यायची म्हटली तर किती पडतील? ते खोके न्यायचे. लोखंडी कपाट ३० घनफुटांचे, पण आत रजया-गाद्या भरल्या तर ती जागा फुकट जात नाही.

हा हिशेब मी प्रत्येक वेळी मोठ्या माणसांना आणि मुलांनाही कागदावर करून दाखवायची. त्याचा फायदा असा की “टाकून द्या” हे आई म्हणत नाही, कागद म्हणतो. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने स्वतःचे टेबल मोजून “हे राहू दे, मला तिथे नवीन पाहिजे” असे सांगितले होते. हिशेबात थोडा स्वार्थ मिसळला, पण हिशेब बरोबर होता.

मात्र सगळे घनफुटात मोजू नये. आमच्या सासूबाईंचा तांब्याचा बंब होता. नागपूरच्या घरातला, त्यांच्या लग्नातला. दिल्लीपासून घरात गीझर आला, तेव्हापासून त्यात एकदाही पाणी तापले नाही. तरी तो प्रत्येक ट्रकमध्ये चढला. एकदा ह्यांनी माझीच वही उघडून आईला वाचून दाखवले की आतापर्यंत बंबाच्या प्रवासावर इतके-इतके रुपये झाले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि तुझ्या प्रवासावर?” त्यानंतर मी वहीत एक निराळी ओळ घातली, ‘मायेचे सामान’. त्याला एक ठरावीक जागा द्यायची. ट्रकच्या विसाव्या हिस्स्याएवढी, पंचवीस घनफूट. त्यात कोणी काय न्यायचे हे त्याने ठरवावे, कोणी प्रश्न विचारायचा नाही. बंब, जाते, पाटा-वरवंटा, वडिलांची पेटी, मुलीच्या बाहुल्या. पाटा-वरवंटा जड असतो पण जागा घेत नाही, तेव्हा त्याच्यावर उगाच डोळा ठेवू नका. बंब अजून आमच्याकडे आहे. मांडवाच्या कोपऱ्यात फुलांचे ताटवे ज्यात ठेवले आहेत, तोच.

निवृत्त होऊन कायमचे पुण्या-नागपूरला जाणाऱ्यांनी तर मोजपट्टी आधी नव्या घराला लावावी. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तीस वर्षांचा संसार आहे तसा उचलून नेला. क्वार्टरमधल्या चार खोल्यांचे सामान, आणि तिकडे दोन खोल्यांचा फ्लॅट. दिवाण लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. शेवटी निम्मे सामान भाड्याच्या गाळ्यात ठेवले, आठ महिने भाडे भरले आणि मग भंगारवाल्याला बोलावले. त्यांनी नेण्याचे पैसे दिले, ठेवण्याचे दिले आणि टाकण्याचेही दिले. पेन्शनीच्या पहिल्या वर्षात असा खड्डा पडला की त्या वर्षी ठरवलेली चारधामची यात्रा राहिली.

सामान नेणाऱ्यांबद्दल दोन शब्द. चांगले लोक पुष्कळ आहेत. पण आपल्याच एका सभासदाचा ट्रक दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर अडकवून ठेवला होता. फोनवर ठरलेला भाव एक, आणि सामान चढल्यावर “जास्त भरले, अजून अठरा हजार टाका, मग गाडी हलेल”. घरात म्हातारी आई, औषधे ट्रकमध्ये. त्यांनी दिले. कोणीही देईल. अशा वेळी भांडून काही होत नाही, जे करायचे ते आधी. माणूस घरी येऊन सामान बघून गेला पाहिजे, फोनवरचा भाव हा भाव नव्हे. वस्तूंची यादी, मजला, लिफ्ट, जीएसटी आणि विमा यांसह एकूण रक्कम लेखी घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, थोडा भाग सामान उतरल्यावर द्यायचा असे कागदावर ठेवा. बिल्टी हातात आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका, गाडीचा नंबर त्या बिल्टीवर हवा. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि औषधे, दागिने, घराची कागदपत्रे, शाळेचे दाखले, हे ट्रकमध्ये कधीच नाही.

विम्याच्या नावाने पैसे घेतात, तेव्हा विमा कंपनीचा तुमच्या नावाचा कागद मागा. नुसते बिलावर ‘विमा’ लिहिले म्हणजे विमा झाला असे नाही. बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे असेल तर ते वाचा. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, त्याप्रमाणे तुम्ही मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची भरपाई मर्यादितच राहते. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यात काही फुटले तर ते बहुधा धरत नाहीत, म्हणून काचसामान त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्या, भले शेजारी उभे राहावे लागो.

गाडी. हा मोठा खर्च आहे आणि सगळे तो पुढच्या वर्षावर ढकलतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी इथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचेही, मग तिकडे नोंदणी आणि तिकडचा रस्ताकर एकरकमी. इथे भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण तिकडे नोंदणी झाल्यावर, आणि तो कधी येईल हे विचारू नका. ‘येणे’च्या रकान्यात पेन्सिलीने लिहा. तेव्हा जुन्या गाडीचा हिशेब बसतो का, की ती इथेच विकून तिकडे घेणे बरे, हे निघण्याआधी ठरवायचे असते. ज्यांची बदली ठरलेलीच आहे अशांनी नवीन गाडी घेताना ‘बीएच’ मालिकेचा विचार करावा. सप्टेंबर २०२१ पासून ती आहे. सरकारी नोकरांना मिळते, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांनाही. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदलले तरी नंबर तोच. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून न्या. स्टेशनवर पेट्रोल काढत बसायला ती जागा नव्हे.

शाळेचा एक खर्च कोणीच धरत नाही. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीचे झाले, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी. इकडे येणाऱ्या मुलाला तेलुगूची शिकवणी लागते हे सगळ्यांना कळते. पण इथे वाढलेली आपली मुले परत जातात तेव्हा त्यांना मराठीची शिकवणी लागते! घरात फडाफडा बोलतात, इथे आरत्या पाठ म्हणतात, आणि जोडाक्षर लिहायला सांगितले की आईकडे बघतात. वर्षभराच्या शिकवणीचे पैसे धरा, किंवा उत्सव संपला की मंडळाचे मराठी वाचनालय सुरूच आहे, तिथे पाठवा. ते फुकट आहे.

काळाबद्दल एक सांगते. एप्रिल ते जून सगळ्यांनाच हलायचे असते, शाळांमुळे इलाज नसतो. पण महिन्याची अखेर आणि शनिवार-रविवार टाळला, आठ ते वीस तारखेच्या मधला एखादा मंगळवार-बुधवार धरला, तर माझ्या वहीत तरी प्रत्येक वेळी भाव खाली आलेला आहे. इकडचे लोक आषाढात गृहप्रवेश करत नाहीत. आपल्याकडेही बरेच जण टाळतात. ज्यांना तशी अडचण नाही त्यांनी आषाढात घरमालकाशी बोलून बघावे, माणूस जरा ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. सासूबाई मुहूर्त पाहायच्या, पण “भाडे कमी होतेय ना, मग देवाची ना नसेल” असेही त्याच म्हणायच्या.

आणि नव्या घरात दूध उतू घालण्याची आपलीही पद्धत आहे, तेलुगू घरांतही आहे. त्यासाठी गॅस लागतो. इथली जोडणी जमा करून कागद घेतल्याशिवाय निघू नका, आणि तिकडे गॅस यायला चार-सहा दिवस लागतील असे धरा. विजेची शेगडी आणि एक पातेले ट्रकमध्ये नाही, आपल्याबरोबरच्या पिशवीत. ती शेगडी बाराशे-पंधराशेची असते, आणि चार दिवस चौघांचे बाहेरचे जेवण किती होते ते तुम्हाला माहीतच आहे. देव्हाऱ्यातले टाक आणि बाळकृष्णही त्याच पिशवीत, पातेल्याच्या वर. सातही वेळा ते माझ्या मांडीवर बसून गेले.

वहीतल्या पानाचा कोरा नमुना, तीन रकाने आखलेला, मी छायाप्रती काढून आणला आहे. खजिनदारांच्या टेबलावर ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. दोन रुपये पेटीत टाका, छपाईचे निघतील. प्रश्न असतील तर आत्ता विचारा, मात्र आरती साडेसातला आहे आणि गुरुजी घड्याळाकडे बघू लागले आहेत.